आधी आतडे उघडा, मग बाटली

प्रति,
मा. आयुक्त, पशुसंवर्धन,
महाराष्ट्र राज्य, औंध, पुणे.

विषय : ब्रॉयलर कोंबडीचे बिघडलेले पोट आणि तालुक्याच्या दवाखान्यातला सूक्ष्मदर्शक.

महोदय,

२०१९च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे ७ कोटी ४३ लाख कोंबड्या मोजल्या गेल्या. त्यांतला ब्रॉयलर पक्षी जगतो तो जेमतेम सहा आठवडे. ४२-४५ ग्रॅमचे पिल्लू शेडात उतरते आणि ३८-४० दिवसांत दोन-सव्वादोन किलोचे होऊन गाडीत चढते. इतक्या घाईने वाढणाऱ्या पक्ष्याचा सगळा हिशेब आतड्यावर चालतो. उत्पादनखर्चाचा साधारण दोन तृतीयांश वाटा एकट्या खाद्याचा. ते अंगी लागणार की तसेच लिटरवर, म्हणजे शेडात अंथरलेल्या तुसावर, पडणार, हे आतड्याच्या आतल्या अस्तरावर ठरते. असे असूनही या राज्यात कोंबडीचे पोट बिघडले की सर्वांत शेवटी उघडले जाते ते तिचे पोट. आधी बाटली उघडते. हे पत्र या उलट्या क्रमाबद्दल आहे.

उदाहरणादाखल मावळातले किंवा भोरकडचे पाच हजार पक्ष्यांचे एक शेड घ्यावे. आषाढ सरत आलेला, चार दिवस पावसाने उघडीप दिलेली नाही. झड आत येऊ नये म्हणून दोन्ही बाजूंचे पडदे पूर्ण बंद, त्यामुळे आत शिरताच अमोनियाने डोळे चुरचुरतात. पाण्याच्या निपलच्या रांगेखाली भाताच्या तुसाचे ढेपळे झाले आहेत. पक्षी २३ दिवसांचे. मर नेहमीइतकीच, रोजची चार-पाच. पण कालपासून खाद्याची दोन पोती कमी उठली, काही पक्षी पंख पिंजारून भिंतीकडेला बसलेत आणि विष्ठेत नारिंगी शेंबूड नि मक्याचे न पचलेले कण दिसताहेत. शेतकरी करारावर पक्षी पाळून घेणाऱ्या कंपनीच्या सुपरवायझरला फोन लावतो. सुपरवायझर येतो, बुटाच्या टोकाने लिटर उकरतो, “गटचा प्रॉब्लेम आहे” म्हणतो आणि चिठ्ठी लिहितो : ॲम्प्रोलियम, एक अँटिबायोटिक, लिव्हर टॉनिक, बी-कॉम्प्लेक्स. चारही औषधे त्या दुपारी एकाच टाकीत पडतात.

आता ॲम्प्रोलियम काम कसे करते ते पाहा. त्याचा रेणू थायमिनसारखा, म्हणजे बी-१ जीवनसत्त्वासारखा असतो. कॉक्सिडियाचा परजीवी तो बी-१ समजून उचलतो आणि उपासमारीने मरतो. त्याच पाण्यात बी-कॉम्प्लेक्स ओतले की परजीवीला खरे बी-१ आयते मिळते आणि औषधाची धार जाते. रोगाचे औषध आणि त्या औषधावरचा उतारा, दोन्ही एकाच टाकीत. वर दोन्हींचे बिल त्याच बॅचच्या नावावर.

सुपरवायझरला बोल लावणे सोपे आहे, पण ते न्यायाचे नाही. मोटारसायकलवर गावोगावची शेडे पालथी घालणारा तो तरुण बहुतेक वेळा पशुवैद्यक नसतो. त्याच्या बॅगेत वजनकाटा असतो, औषधांची यादी असते, सूक्ष्मदर्शक नसतो. विष्ठेच्या रंगावरून निदान करण्यापलीकडे त्याच्या हाती काही ठेवलेलेच नाही.

रंगावरून निदान का होत नाही, हे आपल्या खात्यातल्या कुठल्याही पशुवैद्यकाला सांगायला नको. ते शेडवाल्यांपर्यंत मात्र पोहोचलेले नाही, म्हणून इथे थोडे सविस्तर.

कॉक्सिडियाचा परजीवी म्हणजे आयमेरिया. कोंबडीत त्याच्या परंपरेने सात जाती मानल्या जातात. ब्रॉयलरला त्यांतल्या तीन जास्त छळतात आणि तिघींनी आतडे आपसांत वाटून घेतले आहे. ॲसर्व्हुलिना पहिल्या वळणात, ड्युओडेनममध्ये राहते. तिथे अस्तरावर आडव्या पांढऱ्या रेघा उमटतात. मॅक्झिमा मधल्या भागात, पिल्लाच्या बलकपिशवीची बारीक खूण जिथे उरलेली असते तिच्या आसपास. तिथे आतडे फुगते, आत नारिंगी शेंबूड साचतो, बाहेरून टाचणीच्या टोकाएवढे लाल ठिपके दिसतात. टेनेला मात्र शेवटच्या दोन आंधळ्या नळ्यांत घर करते आणि रक्त पाडते. गावात रक्ती हगवण म्हणतात ती हीच. रक्त दिसते म्हणून शेतकरी घाबरतो, आणि घाबरतो म्हणून तिच्यावर निदान वेळेवर उपचार तरी होतो. पहिल्या दोघी रक्ताचा थेंब न दाखवता वजन खात राहतात.

विष्ठेतून पडलेले त्यांचे बीज, ऊसिस्ट, लगेच बाधत नाही. ओल, ऊब आणि हवा मिळाली की एक-दोन दिवसांत ते पिकते. मग पक्ष्याने ते टिपले की चार ते सात दिवसांत त्याची प्रचंड संख्या होऊन पुन्हा लिटरवर येते. अशा दोन-तीन फेऱ्या झाल्या की पक्षी तीन-चार आठवड्यांचा झालेला असतो. त्या वयातच हे दुखणे का डोके वर काढते आणि पावसाळ्यात का चेकाळते, याचे उत्तर या फेऱ्यांत आहे. नेहमीची जंतुनाशके ऊसिस्टच्या कवचापुढे हात टेकतात. तूस कोरडे ठेवणे हाच त्याच्यावरचा सर्वांत स्वस्त उपाय, आणि मावळच्या आषाढात तोच सर्वांत अवघड.

कॉक्सिडियाने अस्तर सोलवटले की प्रथिनांनी भरलेला द्रव आतड्यात पाझरतो. क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स या जिवाणूला ती मेजवानीच. निरोगी पक्ष्याच्या पोटातही तो थोड्या संख्येने निमूट असतोच. संधी मिळाली की विष सोडतो. यातून होणाऱ्या नेक्रोटिक एंटरायटिसचे पहिले वर्णन १९६१मध्ये इंग्लंडमध्ये पॅरिश यांनी केले. त्यामागचे नेट-बी हे विष मात्र ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी ओळखले ते थेट २००८ साली. त्याआधी अनेक वर्षे जग वेगळ्याच विषाला दोष देत होते. रोग पूर्ण भरात असेल तर आतडे फुगून ठिसूळ होते आणि आतले अस्तर खरखरीत, तपकिरी-हिरवट साय चढलेले दिसते. पाठ्यपुस्तकांत त्याला टर्किश टॉवेलची उपमा आहे. संध्याकाळी धडधाकट दिसलेला पक्षी सकाळी पाय वर करून पडलेला असतो. पण असा भरातला रोग तुलनेने कमी. बहुतेक शेडांत तो दबक्या पावलांनी येतो, मर वाढवत नाही, फक्त खाद्य वाया घालवतो.

आता औषधाकडे वळू. क्लोस्ट्रिडियम हा ग्रॅम-पॉझिटिव्ह जिवाणू. त्याच्यावर पेनिसिलिनच्या कुळातली औषधे, लिन्कोमायसिन, बॅसिट्रॅसिन चालतात. आपल्याकडे मात्र ‘पोटाचे औषध’ म्हणून वर्षानुवर्षे पिंपांनी वापरले गेले ते कोलिस्टिन. कोलिस्टिनचा असर फक्त ग्रॅम-निगेटिव्ह जिवाणूंवर होतो. क्लोस्ट्रिडियमला ते पाण्याबरोबर गेले काय नि न गेले काय, सारखेच. माणसाच्या अतिदक्षता विभागात बाकी सगळी औषधे हरल्यावर हात घालायचे ते हे औषध. २०१५च्या अखेरीस चीनमधल्या संशोधकांनी डुकरांत, मांसात आणि रुग्णांत कोलिस्टिनला दाद न देणारे, एका जिवाणूतून दुसऱ्यात सहज उडी मारणारे एमसीआर-१ हे जनुक दाखवले, तेव्हा जगभर खळबळ माजली. भारत सरकारने जुलै २०१९मध्ये अन्नासाठी पाळल्या जाणाऱ्या प्राण्यांसाठी कोलिस्टिनची निर्मिती, विक्री आणि वापर यांवर बंदी घातली. बंदी योग्यच होती. पण बाटली बदलली, निदानाची रीत तीच राहिली. कोलिस्टिनच्या जागी दुसरे अँटिबायोटिक आले, एवढेच.

विष्ठा पातळ झाली म्हणजे आतड्यात रोगच आहे, असेही नाही. एप्रिल-मेमध्ये विदर्भातल्या शेडात पारा चाळिशीपार गेला की पक्षी पाणीच पाणी पितो आणि पाणीच टाकतो. निपल पक्ष्याच्या मानाने खाली राहिले तर निम्मे पाणी तुसात सांडते. खाद्यात मीठ जास्त पडले, मूत्रपिंडाला विषाणूने गाठले, तरी लिटर भिजते. न पचलेला मका दिसला तर दोष कॉक्सिडियाचा असेल, नीट न भाजलेल्या सोयापेंडीतल्या ट्रिप्सिन-रोधकाचा असेल, किंवा पावसात भिजून बुरशी धरलेल्या मक्याचाही असेल. दहाव्या-बाराव्या दिवशीच अर्धे पक्षी मुठीएवढे नि अर्धे दुप्पट दिसू लागले, तर विषाणूंचा किंवा फसलेल्या ब्रूडिंगचा, म्हणजे पिल्लांना ऊब देण्यातल्या चुकीचा, संशय आधी घ्यायला हवा. ब्रूडिंग ही तर निम्मी लढाई. पहिल्या आठवड्यात पिल्लाचे आतडे शरीराहून जास्त वेगाने वाढते. त्याच दिवसांत कोळशाची शेगडी विझली, पिल्ले गारठली आणि खाद्य-पाण्यापर्यंत गेलीच नाहीत, तर ते नुकसान पुढे कुठलेही टॉनिक भरून काढत नाही. सातव्या दिवशीचे वजन उतरलेल्या दिवसाच्या चौपटीहून जास्त भरले का, एवढे पाहिले तरी अर्धे उत्तर मिळते. त्याला काट्याखेरीज काही लागत नाही.

उरलेले अर्धे उत्तर सुरीखाली असते.

शवविच्छेदनाची रीत साधी आहे, पण तिच्या अटी कडक आहेत. रात्री मेलेला पक्षी सकाळी उघडण्यात अर्थ नाही. गरम शरीरातले आतडे मेल्यावर तासाभरातच स्वतःच्या पाचकरसाने विरघळू लागते, आणि ती सड रोग म्हणून नोंदली जाते. शेडाच्या वेगवेगळ्या कोपऱ्यांतून चार-पाच जिवंत पक्षी उचलावे लागतात; दोन मरगळलेले, बाकीचे वरकरणी चांगले. त्यांना वेदनारहित रीतीने मारून लगेच उघडायचे. गिझार्डचे अस्तर खडबडीत, भेगाळलेले आहे का; ड्युओडेनमवर रेघा आहेत का; मधला भाग फुगला आहे का; आंधळ्या नळ्यांत फेस आहे की घट्ट तपकिरी माल. आतडे उभे चिरले की निरोगी अस्तराच्या कडा काही क्षणांत आत वळतात. थकलेले आतडे चिरले तसेच पसरून राहते, चिमटीत धरले तर पातळ लागते, आतले खाद्य बाहेरून दिसते. गंबोरो या विषाणूजन्य रोगाने पक्ष्याची प्रतिकारशक्ती आधीच खाल्ली नाही ना, हे कळायला शेवटी बर्सा ही प्रतिकारशक्तीची ग्रंथीही पाहावी लागते. मग अस्तर काचपट्टीवर किंचित खरवडायचे, वर सलाइनचा थेंब, कव्हरस्लिप, आणि सूक्ष्मदर्शकाखाली ऊसिस्ट मोजायचे. जॉर्जिया विद्यापीठातल्या जॉन्सन आणि रीड यांनी १९७०मध्ये आतड्यावरच्या खुणांना शून्य ते चार गुण द्यायची पद्धत बसवली. ती आजही जगभर वापरात आहे. पण मॅक्झिमा अनेकदा नजरेला फसवते, तिथे काचपट्टीच खरे बोलते. हे सगळे उरकायला सरावलेल्या हाताला तासभर पुरतो.

त्या तासाभरानंतर उपचारही नेमका होतो. कॉक्सिडिया सापडला तर ॲम्प्रोलियम, तेही बी-१ बंद ठेवून. किंवा टोल्ट्राझुरिल, किलो वजनामागे ७ मिलिग्रॅम, लागोपाठ दोन दिवस. क्लोस्ट्रिडियमची साथ असेल तर पशुवैद्यकाच्या चिठ्ठीवर त्याच्यावर चालणारे अँटिबायोटिक, पूर्ण मुदतीचे. खाद्यात आधीपासून कॉक्सिडियाला रोखणारे मोनेन्सिन किंवा सॅलिनोमायसिन असेल तर सर्दीसाठी टियाम्युलिन देऊ नये. दोन्ही एकत्र आली की पक्षी लुळे पडून मरतात. आणि प्रोबायोटिक द्यायचे तर त्या दिवशी पाण्यात क्लोरीन टाकायचे नाही, हे तरी कुणीतरी शेतकऱ्याला सांगायला हवे. उपयुक्त जिवाणू महागाचे विकत आणायचे आणि टाकीतच मारायचे, असा उद्योग सर्रास चालतो.

प्रोबायोटिकची कल्पना भंपक नाही. फिनलंडमध्ये साल्मोनेलाच्या साथीनंतर नुर्मी आणि रंताला यांनी १९७३मध्ये दाखवून दिले होते की प्रौढ कोंबडीच्या आतड्यातला जिवाणूंचा गोतावळा नवजात पिल्लाला दिला तर साल्मोनेलाला तिथे पाय रोवता येत नाही. मात्र बाजारातल्या प्रत्येक चकचकीत पाकिटात ते सामर्थ्य असते असे नव्हे, आणि ओल्या लिटरवर एकही पाकीट चालत नाही.

पैशात बोलायचे तर हिशेब फार किचकट नाही. पाच हजार पक्षी, दोन किलो सरासरी, म्हणजे दहा टन माल. एफसीआर, म्हणजे किलोभर वजनामागे लागणारे खाद्य, १.६ ऐवजी १.७ पडला तर एक टन खाद्य जास्त लागले. ५० किलोची वीस पोती. किलोला ४० रुपये धरले तरी ४० हजार रुपये एका बॅचला. करारातल्या शेतकऱ्याला हे खाद्य थेट विकत घ्यावे लागत नाही हे खरे. पिल्ले, खाद्य, औषध कंपनीचे, शेड, वीज, तूस आणि राबणे त्याचे. पण उत्पादनखर्च वाढला की किलोमागचा पालनदर घसरतो, आणि तो घसरलेला दर त्याच्याच पासबुकात दिसतो. कागदोपत्री पक्षी कंपनीचे असल्याने निदान कुणी करायचे, हा प्रश्न मात्र दोघांच्या मध्ये लोंबकळत राहतो.

ग्राहकाचीही यात बाजू आहे. देशाच्या औषध नियमांत २०१२पासून तरतूद आहे की औषधाच्या लेबलवर विथड्रॉवल कालावधी, म्हणजे शेवटच्या मात्रेपासून कत्तलीपर्यंत किती दिवस थांबायचे ते, लिहिलेले असावे; ठरलेला नसेल तर मांसासाठी किमान २८ दिवस धरावेत. ३८ दिवस जगणाऱ्या पक्ष्याला ३०व्या दिवशी अंदाजाने औषध पाजले तर हे गणित कसे बसवायचे? दिल्लीच्या सेंटर फॉर सायन्स अँड एन्व्हायर्न्मेंटने २०१४मध्ये राजधानी परिसरातून कोंबडीचे ७० नमुने तपासले, त्यांतल्या ४० टक्क्यांत अँटिबायोटिकचे अंश निघाले होते.

यावर नेहमीचे उत्तर असते की औषधाशिवाय धंदा चालत नाही. स्वीडनने १९८६मध्ये वाढीसाठी खाद्यातून अँटिबायोटिक द्यायला बंदी केली, तेव्हा तिथल्या ब्रॉयलर शेडांनाही नेक्रोटिक एंटरायटिसचा तडाखा बसला. मार्ग निघाला तो शेडाच्या शिस्तीतून. हवा, लिटर, उपकरणे, देखरेख यांची तपासणी होऊन शेडाला गुण मिळू लागले आणि गुण चांगले असतील तर प्रति चौरस मीटर २० किलोपासून ३६ किलोपर्यंत पक्षी ठेवायची मुभा. चांगली निगा राखणाऱ्याला जास्त पक्षी, म्हणजे जास्त पैसा. पोलीस लागला नाही. युरोपीय संघाला ही बंदी पूर्ण करायला २००६ उजाडले. स्वीडनचा थंड, बंदिस्त शेडाचा नमुना मावळात जसाच्या तसा आणा, असे इथे म्हणणे नाही. गुणांशी पैसा जोडायची युक्ती मात्र आणता येईल.

महोदय, राज्याने २०२५मध्ये पशुपालनाला कृषिसमकक्ष दर्जा दिला आणि २५ हजारांपर्यंतच्या ब्रॉयलर शेडांना त्यात धरले. विजेचा, कराचा भार हलका करणारा हा निर्णय चांगलाच आहे. पण शेडाचा दिवा स्वस्त झाल्याने आतड्यातली मॅक्झिमा दिसत नाही. औंधच्या रोग अन्वेषण विभागात निदानाची सोय आहे, शिरवळ, परळ, नागपूरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयांत विकृतिशास्त्राचे विभाग आहेत. प्रश्न अंतराचा आहे. ताज्या आतड्याला तासाची मुदत असते. नवापूरचा किंवा अलिबागचा शेतकरी ते घेऊन औंधला पोहोचेपर्यंत निदान करण्याजोगे काही उरत नाही.

म्हणून मागणी मोजकी आहे. ज्या तालुक्यांत ब्रॉयलर शेडे दाट आहेत, तिथल्या एका तरी पशुवैद्यकीय दवाखान्यात कोंबडीच्या शवविच्छेदनाचे टेबल, चालू स्थितीतला सूक्ष्मदर्शक, ऊसिस्ट मोजायची मॅकमास्टर काचपट्टी आणि ती वापरता येणारा माणूस असावा. शेतकरी जिवंत पक्षी घेऊन आला तर त्याच दिवशी मराठीत लिहिलेला एक पानाचा अहवाल त्याच्या हातात पडावा, पक्षी कागदावर कुणाच्याही मालकीचा असो. त्यासाठी शुल्क घ्यायचे तर जरूर घ्यावे. वीस पोती वाचत असतील तर शेतकरी ते हसत देईल. अन्न व औषध प्रशासनाला सोबत घेऊन पोल्ट्रीचे अँटिबायोटिक पशुवैद्यकाच्या चिठ्ठीशिवाय विकले जाणार नाही, एवढी अंमलबजावणी व्हावी. आणि करारातून पक्षी पाळून घेणाऱ्या कंपन्यांना बॅचकार्डावर ‘औषध’ या रकान्याच्या आधी ‘निदान, कुणी केले’ हा रकाना भरायला लावावा.

हे सगळे नव्या कायद्यावाचून होऊ शकते. येत्या पावसाळ्याआधी निदान मावळ, भोर, सिन्नर आणि अलिबाग या चार तालुक्यांत तरी ते सुरू करावे, ही विनंती.